आठ रात्री आणि एक पोऱ्या

“मामा, हा पोऱ्या किती वर्षांचा आहे?”

भाच्याने हे विचारलं तेव्हा रविवारची दुपार कलली होती. चहाचे कप टेबलाच्या कडेला सरकवलेले, आणि मधोमध पसरलेल्या नकाशावर दोन घोडे उभे. घोडे बुद्धिबळातलेच, वेगळ्या मूर्ती आमच्याकडे नाहीत. एका घोड्यावर नॉटिंगहॅमहून राजाकडे पत्र घेऊन निघालेला मठवासी, दुसऱ्यावर त्याचा पोऱ्या. दोघांचेही लगाम आता रॉबिन हूडच्या माणसांच्या हातात होते. मठवाशाचा लिटल जॉनच्या हातात, पोऱ्याचा मचच्या. मचची भूमिका माझ्या भाच्याकडे होती. त्याचं वय १४.

मी माझ्या खेळाच्या पुस्तकाचं, म्हणजे सप्लिमेंटचं, पान उलटलं. वय लिहिलेलं नव्हतं. ज्या कथागीतावरून मी हा प्रसंग घेतला त्यातही ते नाही, तिथे फक्त ‘लहान पोऱ्या’ एवढंच आहे. “तुझ्याएवढा असेल,” मी म्हणालो. टेबलावर एकदम शांतता पसरली.

हे प्रकरण त्या प्रसंगाचं आहे: त्यात मी नियम लिहिताना काय चुकलो, चौदा वर्षांच्या मुलाने त्यातून कोणती वाट काढली, आणि लोककथेतल्या नायकावर खेळाचं पुस्तक करताना त्या नायकाच्या हातून घडलेल्या वाईट कृत्याचं काय करायचं.

ज्यांनी हे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेममध्ये प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या वतीने बोलतो आणि निर्णय घेतो. एक जण गेम मास्टर असतो. बाकीचं सगळं जग त्याने सांभाळायचं. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकायचे. मूळ नियमांचं पुस्तक एक असतं, आणि विशिष्ट काळ, प्रदेश किंवा कथा खेळण्यासाठी त्याला जोडून जी पुस्तकं निघतात त्यांना सप्लिमेंट म्हणतात. रॉबिन हूडवर अशी पुस्तकं पूर्वीच झाली आहेत. १९८७ साली अमेरिकेतल्या आयर्न क्राउन एंटरप्रायझेसने ग्रॅहॅम स्टेपलहर्स्ट यांचं एक काढलं, रोलमास्टर आणि हिरो सिस्टिम या दोन नियमसंचांसाठी. स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या गर्प्स या नियमसंचासाठीही रॉबिन हूडचं स्वतंत्र पुस्तक आहे. मी केलं ते आमच्या टेबलापुरतं: गर्प्सचे नियम धरून मराठीत लिहिलेली ३८ पानं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग करून आणलेली.

मराठीत लिहायचं ठरवलं आणि पहिल्याच पानावर अडलो. ‘आउटलॉ’ला काय म्हणायचं? दरोडेखोर म्हटलं तर फक्त धंदा कळतो, बंडखोर म्हटलं तर त्यात नसलेलं राजकारण येतं. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आउटलॉ ही एक कायदेशीर अवस्था होती. आरोपीच्या नावाचा काउंटीच्या कोर्टात एकामागून एक बैठकींत पुकारा व्हायचा. तो हजर झालाच नाही, तर त्याला कायद्याच्या बाहेर घोषित करायचे. मालमत्ता जप्त. त्याच्या बाजूने कायदा उभा राहणार नाही. अशा माणसाच्या डोक्याला ‘लांडग्याचं डोकं’ म्हणत, म्हणजे लांडगा दिसला की मारावा तसं. त्याला आसरा देणाराही गुन्हेगार ठरायचा. ही शेवटची ओळ मी पान ४ वर चौकटीत टाकली होती आणि नंतर विसरून गेलो. ती पुढे परत येणार आहे.

दुसरा शब्द ‘योमन’. जुन्या कथागीतांतला रॉबिन सरदारपुत्र नाही. तो योमन आहे: उमराव नाही आणि वेठबिगारही नाही, आपल्या पायावर उभा असलेला मधला माणूस. त्याला हंटिंग्डनचा अर्ल केलं ते १५९८च्या सुमारास अँथनी मंडे या नाटककाराने. राजा रिचर्डचा काळ त्याला चिकटवला तो जॉन मेअर या स्कॉटिश इतिहासकाराने, १५२१ साली. सर्वांत जुन्या कथागीतांत मॅरियनही नाही. आपल्याकडच्या मुलांपर्यंत जो रॉबिन पोहोचतो तो या सगळ्या थरांच्या वर बसलेला, धुऊनपुसून घेतलेला रॉबिन आहे.

खेळासाठी हीच मोठी अडचण असते. गोष्ट सगळ्यांना पाठ असते. धनुर्विद्येची स्पर्धा जाहीर झाली की टेबलावरचा प्रत्येक जण म्हणतो, हा सापळा आहे. मग खेळायचं काय? माझं उत्तर होतं, तळाशी जायचं. रॉबिनचा सर्वांत जुना साहित्यिक उल्लेख १३७७च्या आसपासच्या एका दीर्घकाव्यात येतो. त्यात एक आळशी पाद्री कबुली देतो की आपल्याला प्रार्थना धड येत नाही, पण रॉबिन हूडची कवनं येतात. ती कवनं आज हाती नाहीत. जी आहेत त्यांतलं एक अगदी जुनं कथागीत ‘रॉबिन हूड आणि मंक’ १४५०च्या आसपासच्या हस्तलिखितात आहे. ते हस्तलिखित केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांच्या प्रसिद्ध संग्रहात त्याचा क्रमांक ११९. मी त्यावरच सगळी मोहीम बेतली, कारण त्यात काय घडतं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

गोष्ट अशी. मे महिन्याची सकाळ. रॉबिनला रुखरुख लागली आहे की पंधरा दिवसांहून जास्त झाले, चर्चला जाणं झालं नाही. मच म्हणतो, बारा जण बरोबर घे. रॉबिन म्हणतो, एकटा जॉन पुरे. वाटेत दोघे पैज लावून बाण मारतात, जॉनच्या एका पेनीला रॉबिनच्या तीन, आणि जॉन पाच शिलिंग जिंकतो. रॉबिन म्हणतो, तू जिंकलाच नाहीस, आणि जॉनला हाताने मारतो. जॉन तलवार उपसतो. तू माझा धनी नसतास तर बघितलं असतं, असं म्हणून तो जंगलात परत जातो. रॉबिन एकटाच नॉटिंगहॅमच्या सेंट मेरीज चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकतो. तिथे एक मठवासी त्याला ओळखतो, कारण रॉबिनने पूर्वी त्याचे शंभर पौंड लुटले होते. शेरीफला बातमी जाते, लढाई होते, रॉबिनची तलवार मोडते.

आणि इथे हस्तलिखिताचं एक पानच गहाळ आहे.

ते मी सप्लिमेंटमध्येही तसंच ठेवलं. पान १७ अर्धं कोरं. वर एवढंच लिहिलं: इथे काय झालं ते तुमच्या टेबलाने ठरवायचं.

पाच शिलिंग किती होतात याचाही तक्ता दिला होता. बारा पेनींचा शिलिंग, म्हणजे साठ पेनी. घोड्यावरच्या तिरंदाजाला फ्रान्समधल्या लढायांत रोजचे सहा पेनी मिळायचे. म्हणजे दहा दिवसांची मजुरी. क्षुल्लक नव्हे, पण भावासारख्या माणसाशी कायमचं तोडण्याएवढीही नाही. भांडणाला नेमकी हीच रक्कम लागते.

टेबलावर आम्ही चौघे. भाचा मच झाला होता. लिटल जॉन माझ्या एका सहकारी मैत्रिणीकडे. ती बारा वर्षं हे खेळ खेळते आहे आणि आमच्यात सर्वांत शांत डोक्याची. रॉबिन माझ्या शाळेपासूनच्या मित्राकडे. पैजेत फासे त्याच्या विरुद्ध गेले. गर्प्समध्ये तीन फासे एकत्र टाकतात आणि बेरीज आपल्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी आली पाहिजे. रॉबिनच्या शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावर, ‘तापट’ हा दोष होता, ताबा ठेवायला १२ किंवा कमी हवे होते. आले १५. मित्र खुर्चीतून उठला आणि म्हणाला, “नाही देत जा. तू जिंकलीच नाहीस.” मैत्रिणीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, नकाशावरचं आपलं प्यादं उचललं आणि जंगलात ठेवलं. दोघे वीस वर्षांपासूनचे मित्र आहेत, तरी त्या क्षणी खरंच काहीतरी तुटल्यासारखं वाटलं. भाच्याने मध्येच विचारलं, जीव धोक्यात घालून कुणी चर्चला कशाला जाईल? मित्र म्हणाला, “माझी आजी अंगात ताप असताना वारीला निघायची. चुकवायची नाही म्हणजे नाही.” त्यानंतर रॉबिन नॉटिंगहॅमला का गेला हे कुणी विचारलं नाही.

रॉबिन तुरुंगात गेला आणि मित्राचं पात्र खेळाबाहेर बसलं. यासाठी मी आधीच तरतूद केली होती: पुढच्या प्रसंगात मठवासी त्याने खेळायचा. सगळ्या सप्लिमेंटमध्ये माझी सर्वांत आवडती जागा हीच. रॉबिन हूडच्या खेळात कायमचा पेच असतो की रॉबिन गेम मास्टरकडे ठेवला तर बाकीचे त्याचे हुजरे होतात, आणि एका खेळाडूला दिला तर तो इतरांचा साहेब होतो. पंधराव्या शतकातल्या शाहिराने हा पेच सोडवून ठेवलेला आहे. रॉबिनला कोठडीत टाकून त्याने सगळी गोष्ट जॉन आणि मचच्या हवाली केली.

आता तो रस्ता. कथागीतात जॉन आणि मच हमरस्त्याजवळच्या एका घरात दबा धरतात. ते घर मचच्या ‘ईम’चं. हा जुन्या इंग्रजीतला शब्द, मुळात आईच्या भावासाठी. पुढे इंग्रजीने तो टाकून दिला आणि आईचा भाऊ, बापाचा भाऊ सगळ्यांना एकाच शब्दात कोंबलं. मराठीत लिहिताना मला काहीच शोधावं लागलं नाही. मी लिहिलं: मचच्या मामाचं घर. हे वाचून भाचा इतका खूश झाला की त्याने आपल्या शीटवर पात्राच्या लकबींमध्ये लिहून टाकलं, ‘संधी मिळाली की मामाकडे जेवायला जातो’.

रॉबिन पकडला गेल्याचं पत्र राजाकडे नेणारा मठवासी येतो. जॉन साळसूदपणे विचारतो, काय खबर? त्या चोर रॉबिनने माझे वीस मार्क लुटले हो. मठवासी सांगतो, माझे तर शंभर पौंड नेले. पण त्याच्यावर पहिला हात मीच टाकला, माझे आभार माना. जॉन म्हणतो, रस्ता वाईट आहे, आम्ही सोबत येतो. थोडं पुढे जाऊन तो घोड्याची मुसकी धरतो. पुढच्या दोन कडव्यांत मठवासी मेलेला आहे. आणि लहान पोऱ्याला मचने मारलं, तो कुठे बोलेल म्हणून. एवढंच. शाहीर थांबत नाही, रडत नाही, सफाईही देत नाही. दोघांना रानात पुरून जॉन आणि मच पत्र घेऊन राजाकडे जातात.

माझ्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात पोऱ्या नव्हताच. मी त्याला गाळला होता. भाचा खेळणार होता, हे एक कारण. दुसरं म्हणजे रॉबिनच्या माणसांनी लहान मुलाला मारावं हे मला नको होतं. मग एका रात्री पुन्हा वाचताना लाज वाटली. ज्या धुण्यापुसण्याला कंटाळून मी तळाशी आलो, तेच मी करत होतो. पोऱ्याला परत आणला. पण आणला तो चुकीच्या पद्धतीने. पुढच्या प्रसंगाची सुरुवात मी अशी लिहिली होती: ‘मठवासी आणि पोऱ्या यांचा निकाल लागल्यावर जॉन आणि मच पत्र घेऊन निघतात.’ जणू तो निकाल लागलेलाच होता.

मठवाशाचं त्या दुपारी लवकर आटपलं. मित्राने त्याचा तोरा असा काही उभा केला की मैत्रीण म्हणाली, “मी तलवार काढते,” आणि एका रोलमध्ये प्रकरण संपलं. मग सगळे भाच्याकडे वळले. त्याने वय विचारलं, मी उत्तर दिलं, आणि तो गप्प झाला.

मैत्रीण हळूच म्हणाली, “सोडलास तर हा दोन तासांत नॉटिंगहॅमला पोहोचेल. रॉबिनला उद्या फाशी.” ती त्याला घाबरवत नव्हती, जॉन म्हणून खरं तेच सांगत होती. भाच्याने विचारलं, “मग तू मार ना.” ती म्हणाली, “लगाम तुझ्या हातात आहे.”

मी काहीच बोललो नाही. दहाएक मिनिटं तशीच गेली असतील. भाचा फासे एकावर एक रचत बसला होता. मग त्याने शीट पालथी केली, पुन्हा सुलटी केली, आणि आपणच लिहिलेल्या त्या लकबीवर बोट ठेवलं.

“मामाच्या घरी ठेवतो याला.”

क्षणभर मला वाटलं तो मला उद्देशून बोलतोय. मग कळलं. मचचा मामा. हमरस्त्याजवळचं घर. मी ते नुसतं टेहळणीची जागा म्हणून नकाशावर काढलं होतं. कथागीतात ते सहाशे वर्षं उभं आहे, आणि त्या पोऱ्याला तिथे ठेवावं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

यासाठी माझ्याकडे नियम नव्हता. मी तिथल्या तिथे केला: जॉन आणि मच परत येईपर्यंत रोज रात्री तीन फासे, १२ किंवा कमी आले तर पोऱ्या घरात, जास्त आले तर तो पळाला. राजा लंडनला आहे असं धरलं होतं. नॉटिंगहॅमपासून लंडन साधारण २०० किलोमीटर. मठवाशाचे दोन घोडे हाती होतेच, रोजचे ५० किलोमीटर धरले तर जायला चार दिवस, यायला चार. आठ रात्री.

फासे भाच्यानेच टाकले. ९. ११. ७. चौथ्या रात्री आम्ही राजासमोर होतो, तेव्हा बरोबर १२. त्याने सुटकेचा श्वास सोडला. जॉनने राजाला सांगितलं की पत्र आणणारा मठवासी वाटेत वारला, आणि राजाने दोघांना वीस पौंड देऊन आपल्या सेवेत घेतलं, अगदी कथागीतात आहे तसं. पाचवी रात्र, १०. सहावी, १४.

पोऱ्या पळाला. जॉन आणि मच अजून दोन दिवसांच्या वाटेवर. त्या दिवशीचा खेळ मी तिथेच थांबवला, साडेसात वाजले होते. निघताना भाच्याने विचारलं, “म्हणजे मारायलाच हवं होतं का रे मामा?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. उठून हिशेब केला. तीन फाशांवर १२ किंवा कमी येण्याची शक्यता शंभरात ७४. एका रात्रीसाठी ऐकायला ही भलीथोरली वाटते. पण तेच आठ रात्री सलग जमायला हवं असेल तर ७४ टक्क्यांचे ७४ टक्के, त्यांचे पुन्हा ७४ टक्के, असं आठ वेळा करत जायचं. उत्तर येतं शंभरात ९. मी त्या मुलाला एक दार उघडून दिलं होतं, आणि ते शंभरात ९१ वेळा त्याच्याच तोंडावर आपटणार होतं. शिवाय एकदा निर्णय घेतल्यावर त्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं; तो घोड्यावर बसून लंडनला गेला आणि इथे फासे पडत राहिले. पोऱ्याला मारलं असतं तर मात्र एकही फासा टाकावा लागला नसता. त्या वाटेला कुठलीच किंमत मी लावली नव्हती.

भाच्याने जे विचारलं ते माझ्या नियमाने त्याला दिलेलं उत्तर होतं. तोंडाने मी काहीही सांगितलं असतं तरी आकडे म्हणत होते, हो, मारायला हवं होतं. माझ्या मते या प्रकाराच्या लेखनात सर्वांत जपायची गोष्ट हीच आहे. नायक चांगला की वाईट हे आपण वर्णनात लिहितो आणि समजतो की झालं. खेळाडू वर्णन एकदा वाचतो. फासे तो रात्रभर टाकतो. काय सोपं ठेवलं, काय अवघड, कशाला फुकट जाऊ दिलं, यातूनच त्याला कळतं की लिहिणाऱ्याला जग कसं वाटतं.

आठवड्याभरात मी तो प्रसंग नव्याने लिहिला. फासे आठ वेळा टाकायचे नाहीत, तीनदाच: निघताना, राजासमोर असताना, परतताना. मूळ आकडा १२च ठेवला, म्हणजे काही न करता नुसतं मामाकडे ठेवलं तर तीनही वेळा जमण्याची शक्यता ४१ टक्के. पण निघण्याआधी मच त्या पोऱ्याशी काय बोलतो, यावर तो आकडा बदलतो. त्याला बांधून ठेवलं तर १ वजा. मामाने आपल्या ताटातलं खाऊ घातलं तर १ जमा. धन्याचं काय झालं ते त्याला खरं सांगितलं आणि तरीही अभय दिलं तर आणखी १. दोन्ही केलं तर आकडा १४, आणि शक्यता ७५ टक्के. पळण्याचा धोका राहतोच, राहायलाच हवा. पोऱ्याला नाव दिलं नाही, पण वय लिहिलं, १२. त्याची आई नॉटिंगहॅममध्ये धुणी धुते हेही लिहिलं.

आणि दुसऱ्या वाटेलाही किंमत लावली. मचने पोऱ्याला मारलं, तर मामाला ताजी उकरलेली माती दिसते, आणि त्या घराचं दार पुढे कधीही उघडत नाही. फासा नाही, दंड नाही. फक्त दार बंद.

नंतर हेच प्रकरण ठाण्याच्या एका टेबलावर चालवलं. चौघे अनुभवी खेळाडू. मी वय सांगितलं, आई सांगितली. मिनिटभरात त्यांनी पोऱ्याला मारलं. परतीच्या वाटेवर त्यांना लपायला घर हवं होतं तेव्हा मामाने कडी लावली, आणि ते पावसात रानात राहिले. मला तो प्रसंग चालवणं जड गेलं. पण त्यांनी केलं ते कथागीताच्या विरुद्ध नव्हतं, आणि नियम बदलावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. शाहिराच्या राजालाही शेवटी जॉनचं इमान तेवढं दिसतं. याने मला आणि शेरीफला दोघांनाही फसवलं, पण आपल्या धन्याशी हा खरा, असं म्हणून तो विषय सोडून देतो. पोऱ्याची आठवण त्या दरबारात कुणालाच येत नाही. ती आठवण यावी की नाही हे टेबलावर बसलेल्यांनी ठरवायचं.

आमच्या टेबलावर पुढच्या रविवारी मी खेळ सुरू होण्याआधीच सगळं सांगितलं. कागदावर हिशेब दाखवला. म्हणालो, नियम वाकडा होता, सहावी रात्र परत टाकू या. मित्र आणि मैत्रीण तयार होते. भाचा नाही म्हणाला. “झालं ते झालं. तो पळाला. त्याला घरी जायचं असेल.”

मग आम्ही तिथूनच खेळलो. नॉटिंगहॅमच्या वेशीवर दुप्पट पहारा. शेरीफला सगळं कळलेलं. हमरस्त्याजवळच्या घराचं छप्पर जळून खाली बसलेलं, आणि मचचा मामा रॉबिनच्या शेजारच्या कोठडीत, कारण आसरा देणाराही गुन्हेगार. पान ४ वरची ती चौकट. भाच्याने ती आता पहिल्यांदा नीट वाचली.

कथागीतातला जॉन शेरीफला सांगतो की मठवाशाला राजाने वेस्टमिन्स्टरचा ॲबट, म्हणजे मठाधिपती, केलंय, म्हणून तो आला नाही. आणि शेरीफ खूश होऊन त्याला उंची दारू पाजतो. आम्हाला ती वाट उरली नव्हती. मैत्रीण तरीही सरळ शेरीफसमोर जाऊन उभी राहिली आणि राजाने दिलेलं पत्र पुढे केलं. “आम्ही कोण ते तुला माहीत आहे. पण मोहर राजाची आहे. रॉबिनला धक्का न लावता राजापुढे न्यायचं असं हिच्यात लिहिलंय. मोडतोस?” शेरीफ म्हणून मला खरोखर विचार करावा लागला. शेरीफ हा राजाचाच नोकर. मोहर मोडली तर त्याची जागा जाते. मी ठरवलं की तो राजाकडे खात्री करायला माणूस पाठवेल आणि तोवर या दोघांना गढीच्या दिवाणखान्यात पहाऱ्यात ठेवेल.

रात्री जॉनने पहारेकऱ्याला ओरडून उठवलं, रॉबिन पळाला, रॉबिन पळाला! तो धडपडत तुरुंगाकडे धावला आणि खात्री करायला त्याने कोठडी स्वतःच उघडली. कथागीतात जॉन जवळपास हीच युक्ती करतो. मैत्रिणीने ते वाचलेलं नव्हतं.

दिवाणखान्यातून निसटताना चुलीपाशी कुणीतरी झोपलेलं होतं. पोऱ्या. आवाजाने त्याचे डोळे उघडले आणि समोर मच. भाच्याने ओठांवर बोट ठेवलं, खरंच ठेवलं, आणि माझ्याकडे पाहिलं. गर्प्समध्ये अनोळखी माणूस कसा वागेल याचे तीन फासे गेम मास्टर टाकतो. बेरीज जितकी मोठी, तितकं बरं. आले ११. म्हणजे मुलगा ना शत्रू ना मित्र, कदाचित ओरडेल. सहा रात्री तो मामाच्या ताटातलं जेवला होता, त्याचे मी दोन मिळवले. १३. या बेरजेला माणूस भल्या मनाने वागतो.

“तो कुशीवर वळतो,” मी म्हणालो, “भिंतीकडे तोंड करून.”

तटाच्या सर्वांत ठेंगण्या जागेवरून मचच्या मामासकट चौघांनी उड्या मारल्या. जंगलात पोहोचल्यावर रॉबिनने, म्हणजे माझ्या मित्राने, कथागीतातल्या रॉबिनसारखंच केलं: जॉनला म्हणाला, आजपासून धनी तू. मैत्रीण म्हणाली, नको, सोबती आहे तेवढं पुरे. मग मित्राने आपल्या शीटवरच्या पैशांतून पाच शिलिंग खोडले आणि एकेक आकडा मोठ्याने मोजत तिच्यासमोर पुट्ठ्याच्या पाच चकत्या ठेवल्या. कथागीतात ते पाच शिलिंग कुणी फेडल्याचं येत नाही.

तिने त्या उचलल्या नाहीत. बोटाने भाच्यासमोर सरकवल्या आणि म्हणाली, “छपराला.”

भाच्याने शीट घेतली आणि पेन्सिलने सर्वांत खाली लिहिलं: ५ शि., मामाचं घर.